बेळगावात एक दिवसाची आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्‌स स्पर्धा: किती संघ घ्यावेत आणि प्रवेशशुल्क घ्यावे का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

मी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकतो आणि आमच्या नव्या ई-स्पोर्ट्‌स क्लबचा सचिव आहे. बीजीएमआय (मोबाइलवरील बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आणि व्हॅलोरंट (संगणकावरील) या दोन नेमबाजीच्या खेळांची एक दिवसाची स्पर्धा घ्यावी आणि प्रत्येक खेळाला १६ संघ घ्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. खानापूर, निपाणी आणि चिकोडीबरोबरच सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज आणि कोल्हापूरच्या मुलांनीही येण्याची तयारी दाखवली आहे. आमच्याकडे एक सभागृह, ग्राफिक्स कार्ड असलेले १० संगणक आणि महाविद्यालयाचे वाय-फाय एवढेच आहे. निधी नसल्यामुळे प्रत्येक संघाकडून ४०० रुपये घेऊन त्यातूनच रोख बक्षिसे द्यावीत, असा विचार आहे. प्राचार्यांची परवानगी मिळाली आहे, मात्र सायंकाळी सहापर्यंत इमारत रिकामी व्हायला हवी. तारीख १ नोव्हेंबर धरली आहे, कारण त्या दिवशी सुट्टी असते. ही पहिलीच स्पर्धा असल्याने ती नीट पार पडावी अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (नेटवर्क अभियंता, मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात)

तुमच्या आकड्यांत एक मोठी अडचण आहे, ती आधी सांगतो. व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच असा खेळ आहे, म्हणजे १० संगणकांवर एका वेळी एकच सामना होईल. १६ संघांच्या बाद फेरीला १५ सामने लागतात, आणि १३ फेऱ्या जिंकेपर्यंत चालणारा एक सामना संघांची अदलाबदल धरून साधारण तासभर घेतो. हे १५ तास तुमच्याकडे नाहीत. आठ संघ घेतलेत तर सातच सामने होतील आणि सकाळी नऊला सुरुवात केल्यास ते दिवसात मावतील. बीजीएमआयचे तसे नाही. चौघांचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू, एकाच कस्टम रूममध्ये (फक्त आपल्या संघांसाठी उघडलेल्या खासगी सामन्यात) एकदम उतरतात, त्यामुळे अर्ध्या तासाचा एक असे सहा सामने झाले की निकाल लावता येतो. पहिल्या आठ क्रमांकांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलला (बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याला) एक, ही गुणपद्धत मुलांना आधीच ठाऊक असते, ती बदलू नका.

व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड ही फसवणूक रोखणारी प्रणाली बसवावी लागते. ती बसवायला संगणकाचे ॲडमिन अधिकार लागतात, आणि विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० व सिक्युअर बूट (संगणकातील सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असावे लागते. प्रयोगशाळेतील संगणकांवर हे अधिकार विद्यार्थ्यांकडे नसतात. आमच्या वेळी हे काम आम्ही स्पर्धेच्या सकाळवर ठेवले आणि पहिला सामना अडीच तास उशिरा सुरू झाला. बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने आलेली मुले तोवर नुसती बसून होती, याचे मला आजही वाईट वाटते. प्रयोगशाळा सहायकांना चार दिवस आधी बरोबर घेऊन दहाही संगणकांवर एकेक सराव सामना खेळून पाहा.

वाय-फायच्या बाबतीत लाइनचा वेग पाहून निर्धास्त होऊ नका. या खेळांना डेटा फार लागत नाही, पण पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) स्थिर लागतो, आणि ६४ फोन एकाच ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्रावर) आले की तो स्थिर राहत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच असतात (१, ६ आणि ११), म्हणून फोन ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या, सभागृहात चार ॲक्सेस पॉइंट लावा आणि प्रत्येकावर चारच संघ जोडा. प्रेक्षकांना हा पासवर्ड देऊ नका. खेळाचे अपडेट घरूनच करून यावे, असे नियमपत्रात लिहा. व्हॅलोरंटचे संगणक मात्र केबलनेच जोडा.

विजेचाही हिशेब करा. एक संगणक मॉनिटरसह ४५० वॉट धरला तर दहांचे ४,५०० वॉट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास २० ॲम्पिअर. १६ ॲम्पिअरच्या एकाच सॉकेटवरून एक्स्टेंशन लावत गेलात तर एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडणार. भार दोन-तीन सर्किटांवर वाटा. जनरेटर असला तरी वीज गेल्यापासून तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडतात, त्यामुळे यूपीएस हवाच.

उत्तर (खानापूर, वकिली)

प्रवेशशुल्काच्या पैशांतून रोख बक्षिसे देण्याचा विचार कृपया सोडून द्या. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे भरून त्याबदल्यात पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ पुरवण्यास त्यात बंदी असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्‌सना त्यातून वगळले आहे, नोंदणी शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षिसेही तेथे मान्य आहेत. परंतु त्या व्याख्येत मान्यता आणि नोंदणीची अट आहे, आणि तुमच्या क्लबची स्पर्धा ती पूर्ण करते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असताना हा धोका कशाला पत्करायचा? प्रवेश विनामूल्य ठेवा आणि बक्षीस म्हणून प्रायोजकांकडून करंडक, हेडफोन किंवा कीबोर्ड घ्या. खडे बाजारातील मोबाइलचे दुकानदार अशा गोष्टी आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ असली तरी त्या व्यवसायातून प्रायोजक शोधू नका, कारण २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वाला मनाई आहे.

उत्तर (निपाणी, प्राध्यापिका)

१ नोव्हेंबर ही तारीख कृपया बदला. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची (राज्य स्थापनादिनाची) मोठी मिरवणूक असते, मराठी भाषक निषेध म्हणून काळा दिन पाळतात, रस्ते बंद असतात आणि सीमेपलीकडून येणाऱ्या बसचा भरवसा नसतो. कोल्हापूरचा संघ वाटेत अडकला तर त्याचा दोष कोणाला द्यायचा? डिसेंबरही टाळा, कारण कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरले की शहरात राहण्याची सोय मिळत नाही. नियमपत्र कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत काढा आणि पंचांपैकी एकाला तरी कन्नड व मराठी दोन्ही अस्खलित यावे. हरकत घेणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेत बोलता आले की निम्मे वाद तेथेच मिटतात.

आणखी एक महत्त्वाचे. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीनच तास खेळता येते. पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुले घेणार असाल तर सहाव्या सामन्याच्या मध्येच ती बाहेर पडतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हॅलोरंटचे आठच संघ घेत आहोत, शुल्क रद्द केले आहे आणि तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारवर नेली आहे. पीयूसीच्या मुलांना नाही म्हणणे आम्हाला जड जाते, म्हणून बीजीएमआयचे सामने सहाऐवजी चार करावेत असे वाटते. मात्र चारच सामन्यांत गुण समान होण्याची शक्यता वाढेल. तेव्हा काय करावे?

उत्तर (नेटवर्क अभियंता)

आधी कोणी जास्त सामने जिंकले ते पाहा, मग क्रमांकाचे गुण, मग एकूण किल, आणि तरीही बरोबरी राहिली तर शेवटच्या सामन्यातील क्रमांक. हा क्रम नियमपत्रात छापा आणि पहिल्या सामन्याआधी सर्व कर्णधारांची त्यावर सही घ्या. त्या सकाळी सराव खेळू नका, असेही पीयूसीच्या मुलांना कळवा, कारण तीन तासांत तो वेळही मोजला जातो.