घरी स्टीलचा बंपर बनवतोय, ६ एमएम प्लेट घेऊ का ५?

दगडधोंडे
मंडळी नमस्कार. गाडी लॅडर फ्रेमची (म्हणजे खाली वेगळी चॅसिस, वर बॉडी), जुनी, एअरबॅग वगैरे काही भानगड नाही. पुढचा प्लास्टिकचा बंपर दगडांनी फाटलाय आणि त्याचा खालचा भाग इतका खाली येतो की चढ सुरू व्हायच्या आधीच जमिनीला टेकतो, म्हणून ठरवलंय की आता स्टीलचा स्वतःच बनवायचा. वेल्डिंग येतं, म्हणजे गेट, स्टँड, ट्रॉली असली कामं केलीत. २०० अँपचं इन्व्हर्टर आर्क मशीन आहे, ग्राइंडर, ड्रिल आहे, प्लेट वाकवायचं मशीन नाही. डोक्यात असं आहे की ६ एमएमचा पूर्ण बंद बॉक्स करायचा, एकदाच काय ते दणकट, पुढेमागे विंच (रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारं मशीन) बसवायची आणि दोन बाजूंना शॅकलसाठी, म्हणजे ओढायची दोरी अडकवायच्या कडीसाठी, भोक असलेले कान वेल्ड करायचे. तर ६ एमएमच घेऊ का ५ मधे भागेल? आणि जुन्या बंपरचे ब्रॅकेट तसेच वापरले तर चालतील का, भोकं तयारच आहेत म्हणून विचारतोय. वाकवायचं कसं तेही सांगा.

ठिणगी
प्लेट घ्यायच्या आधी वजनाचा हिशोब मांडा दादा. १ एमएम जाडीचा एक चौरस मीटर पत्रा म्हणजे ७.८५ किलो. दीड मीटर रुंद बंपर, समोरची पट्टी, वरची, खालची, दोन टोकं असं सगळं धरलं की साधारण एक चौरस मीटर माल लागतोच, म्हणजे ६ एमएममधे ४७ किलो, ५ मधे ३९, ४ मधे ३१. वर विंच ३०-३५ किलोची. धरून चला ८० किलो, ब्रॅकेट वेगळेच.

आता हे ८० किलो पुढच्या एक्सलवर ८० म्हणून बसत नाहीत, लोक इथेच फसतात. बंपर एक्सलच्या पुढे लटकतोय ना. समजा व्हीलबेस २.४ मीटर आणि बंपरच्या वजनाचा मध्य एक्सलपासून पाऊण मीटर पुढे, तर पुढच्या एक्सलवर १०५ किलो वाढतात आणि मागचा एक्सल २५ किलोनी हलका होतो. पुढचं नाक बसतं, हेडलाइट खाली बघायला लागतात, उतारावर ब्रेक मारला की मागची चाकं अजून हलकी. मग स्प्रिंग बदला, शॉकर बदला, खर्च वाढतच जातो.

माझं मत विचाराल तर समोर ४ एमएम, आतून उभ्या रिब (आधाराच्या पट्ट्या) मारा, आणि वरची-खालची पट्टी ३ चालते. वाकलेली प्लेट आणि आतली रिब यानेच ताकद येते, सपाट ६ एमएम नुसती जड होते.

चिखलयात्री
४ एमएम फक्त चिखलात चालेल हो, खडकावर नाही. ज्या कोपऱ्यावर गाडीचं सगळं वजन टेकतं तिथे ४ ला पोचा येतो, मी बघितलंय. सगळीकडे ६ नको हे मान्य, पण टोकांच्या खालच्या भागाला ५ हवंच.

ठिणगी
कोपऱ्याला आतून एक तिरकी गसेट (आधाराचा त्रिकोणी तुकडा) मारली की ४ ला काही होत नाही. असो, तिथे ५ लावलं तर दीडदोन किलोचाच फरक आहे, भांडण नाही.

आठ_आठचा_बोल्ट
सगळे जाडीवर बोलताय, मला त्या जुन्या ब्रॅकेटचं वाचून झोप उडाली. दगडधोंडे भाऊ, ते ब्रॅकेट प्लास्टिकचा बंपर नुसता धरून ठेवण्यापुरते असतात, पातळ पत्र्याचे. त्यावर विंच लावली आणि गाडी पाटापर्यंत चिखलात रुतली की काय होईल बघा, ९५०० पौंडाची विंच ड्रमवरच्या पहिल्या थराला ४३०० किलोचा ओढ देते. हा सगळा ओढ चॅसिसच्या लांब्यांपर्यंत, म्हणजे दोन बाजूंच्या लांब तुळयांपर्यंत, गेला पाहिजे. बंपर नुसता मुखवटा आहे, काम ब्रॅकेट करतात, म्हणून पहिले ब्रॅकेट बनवा आणि बंपर त्यांच्यावर चढवा, उलटं नाही.

मी करतो ते असं: ८ किंवा १० एमएम प्लेटचे पट्टे, लांब्याच्या बाजूने निदान १५-२० सेंमी मागे जाणारे, एका बाजूला कमीत कमी चार बोल्ट, एम१२, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा नंबर कोरलेला असला पाहिजे, काहीच कोरलेलं नसेल तो बोल्ट इथे वापरायचा नाही. लांबा पोकळ असेल तर आरपार बोल्ट टाकताना आतमधे जाड पाइपचा तुकडा बसवायचा, बोल्ट त्या पाइपमधून जातो. पाइप नसेल तर तुम्ही बोल्ट आवळताय तसा लांबाच आत दबतो, दबला की ताण सुटतो आणि बोल्ट हळूहळू ढिला व्हायला लागतो. चॅसिसला नवीन भोकं पाडायची वेळ आली तर बाजूच्या उभ्या भागात पाडा, वरच्या-खालच्या काठाला हात लावू नका, आणि जुनी भोकं जुळत असतील तर ती आधी वापरा. भोकं वापरा म्हणजे नुसती भोकं, ब्रॅकेट नव्हे 🙂

आणि कान! बंपरच्या समोरच्या प्लेटवर वरून कान वेल्ड करू नका, हात जोडतो. तो वेल्ड एका काठावरून उसवत येतो आणि ताणलेल्या दोरीच्या टोकाला लोखंडाचा तुकडा लागून तो थेट समोरच्याच्या काचेतून आत जातो. २०-२५ एमएमची प्लेट घ्या, समोरच्या प्लेटला खाच पाडून आरपार न्या, मागे ब्रॅकेटच्या पट्ट्याला जोडा आणि समोरूनही दोन्ही अंगांनी वेल्ड करा. पाऊण इंची बो शॅकल (गोल फुगीर पोटाचा), तो ४.७५ टनवाला, त्याची पिन २२ एमएमची असते, भोक २४-२५ चं करा आणि भोकाच्या चहूबाजूंनी निदान भोकाएवढं लोखंड राहू द्या. भोकाच्या कडा घासून गोल करा. डी शॅकलपेक्षा बो घ्या, तिरका ओढ आला तर बरा पडतो.

गुण्या_लावून_बघा
वाकवण्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आधी पुठ्ठा. जाड पुठ्ठ्याचा अख्खा बंपर कापून, चिकटपट्टीने जोडून गाडीला लावून बघा, चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक कुठवर येईल तेही मोजा. टोकं वर उचलून तिरकी कापा, तुमचा चढाला टेकायचा प्रॉब्लेम तिथेच सुटतो. बॉडी चॅसिसवर रबरांवर बसलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर हलते, म्हणून बंपर आणि फेंडरमधे १५-२० एमएम फट ठेवा, चिकटून बसवला की छान दिसतो आणि पहिल्याच ट्रिपला रंग उडवतो.

वाकवायच्या रेषेवर बाहेरच्या अंगाने कटिंग डिस्कने खाच मारायची, जाडीच्या साधारण दोन तृतीयांश, मग टेबलाच्या काठाला दोन क्लॅम्पने पक्की धरून लांब पाइपने वाकवायची. खाच व्हीसारखी उघडते आणि त्यात वेल्ड तळापर्यंत भरतं. जिथे दोन वेगळ्या प्लेट कोपऱ्यात जोडताय तिथे एकीवर दुसरी चढवू नका, आतल्या काठाला काठ टेकवा, बाहेर आपोआप व्ही मिळते.

टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारताना सगळं गाडीवरच ब्रॅकेटला बोल्ट लावून मारा म्हणजे भोकं चुकत नाहीत, पण तेवढ्या वेळापुरती बॅटरीची दोन्ही टोकं काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा बंपरलाच, वेल्डच्या जवळ लावा, चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला नको, नाहीतर करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट शोधतो. पूर्ण वेल्डिंग बंपर खाली उतरवून. एका दमात लांब शिवण घालू नका, तीनचार सेंमी इकडे, तेवढीच तिकडे, मधे थंड होऊ द्या. समोरची पट्टी वेल्डच्या बाजूला धनुष्यासारखी ओढली जाते, म्हणून मागून एक अँगल तात्पुरता टाके मारून ठेवा, शेवटी कापून टाका.

वेल्डिंग रॉडचं म्हणाल तर पट्ट्यांना ६०१३ नंबरचा ठीक आहे, ब्रॅकेट आणि कानांना ७०१८, कोरडे, ओल लागलेले नकोत. तुमचं इन्व्हर्टर आहे तर होल्डर प्लसला लावून चालवा.

अजून एक, जीवाचं आहे म्हणून. गॅल्व्हनाइज्ड माल असेल तर वेल्डच्या आसपासचा जस्ताचा थर आधी घासून काढा, तो धूर घेतला की संध्याकाळी थंडीताप भरतो. आणि प्लेट पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको, आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे. साधा अॅसिटोन वापरा, पूर्ण उडून जाऊ द्या, मगच ठिणगी.

चिखलयात्री
हे वाचून नव्या गाडीवाले कोणी सुरू होतील म्हणून लिहितो, एअरबॅगची गाडी असेल तर हे असंच करू नका. लांब्यांच्या पुढच्या टोकाला चुरगळणारे डबे असतात, ते कापून तिथे १० एमएमची प्लेट बोल्ट केली की धडकेचा झटका सरळ मागे जातो आणि सेन्सरला मिळणारा सिग्नलही बदलतो. काहींच्या बंपरमागे रडार असतो तो वेगळाच. दगडधोंडेंच्या गाडीला हे नाही, पण धडकेत आधी चुरगळायला काहीतरी होतं ते आता राहणार नाही, सीटबेल्ट कायम लावा. समोरच्या कडा गोल ठेवा, रस्त्यावर माणसंही चालतात. आणि आपल्याकडचे नियम आधी बघून घ्या, कुठे असा बंपर चालतो, कुठे नाही.

दगडधोंडे
बापरे, बरं झालं विचारलं. जुने ब्रॅकेट रद्द. समोर ४, टोकांखाली ५, ब्रॅकेट १० आणि कान २५ असं ठरवतोय. विंच ग्रिलच्या अगदी समोर येतेय, हवा अडेल का? आणि बॉक्सच्या आतून रंग कसा मारायचा, हातच जात नाही.

ठिणगी
विंच जमेल तितकी खाली बसवा आणि प्लेटला रेडिएटरसमोर मोकळ्या खिडक्या कापा, चढावर कमी वेगात हवा फक्त फॅनच खेचतो, तेव्हा तापमानावर लक्ष ठेवा. विंचची प्लेट ६ ची, ती सरळ ब्रॅकेटला जोडा.

आतून रंगासाठी पूर्ण बंद बॉक्स करूच नका, मागची बाजू उघडी ठेवा, वजनही वाचतं. जिथे बंद होतंय तिथे सगळ्यात खालच्या जागी १०-१२ एमएमची भोकं पाडा म्हणजे चिखलपाणी साचत नाही. बाहेरून झिंक प्रायमर आणि साधा काळा रंग, पावडर कोटिंग दिसतं भारी पण दगडाने टवका उडाला की घरी दुरुस्त होत नाही आणि गंज कोटिंगच्या खालून पसरतो. बसवल्यावर हेडलाइटची लेव्हल भिंतीवर पाडून बघा, आणि थोडं चालवून झालं की सगळे बोल्ट परत टॉर्क पान्याने आवळा.