मेसोअमेरिकन कला-स्थापत्याचा पेपर बारा दिवसांवर, फोटो बघून काहीच सुचत नाही

ओली_शाई:
नमस्कार मंडळी, कलेतिहासाला आहे, या सत्रात प्राचीन मेसोअमेरिका (मेक्सिको आणि आसपासचा भाग) घेतलंय. विषय मनापासून आवडलाय पण परीक्षेची धास्ती बसलीये. पडद्यावर फोटो दाखवतात, पाच मिनिटांत कुठलं, कुणाचं, साधारण कधीचं आणि महत्त्व काय ते लिहायचं, त्यातले दोन फोटो वर्गात कधीच न दाखवलेले असतात, आणि शेवटी तुलनेचा मोठा प्रश्न. साठेक कार्डं केलीत, रोज घोकते, तरी फोटो समोर आला की सगळे पिरॅमिड सारखे दिसायला लागतात. चाचणीत तेओतिवाकानच्या सूर्य पिरॅमिडखाली सरळ ॲझ्टेक लिहून आले आणि त्या प्रश्नाचे मार्क गेले. कसा करू अभ्यास?

जुनी_वीट:
कार्डं चांगलीच आहेत, पण त्यावर नाव, काळ, दगड एवढंच असेल तर आणखी एक ओळ लिही: हे बघणारा माणूस कुठे उभा होता? मला हा विषय खऱ्या अर्थाने या एका प्रश्नानेच कळला.

ॲझ्टेकांच्या कोयोलशाउकी देवीची शिळा घे. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीचे कामगार खोदत होते तेव्हा सापडली, व्यास सव्वातीन मीटरच्या आसपास. पुस्तकात तिचा फोटो उभा छापतात म्हणून आपल्याला ती भिंतीवरची थाळी वाटते, प्रत्यक्षात ती जमिनीवर आडवी होती, टेम्प्लो मायोर या ॲझ्टेकांच्या मुख्य मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी, आणि तेही तिचा भाऊ, युद्धदेव विट्झिलोपोच्तलीच्या बाजूच्या, पर्जन्यदेव त्लालोकच्या नाही. कथा अशी की कोआतेपेक डोंगरावर विट्झिलोपोच्तली शस्त्रं घेऊनच जन्मला, बहिणीचं डोकं उडवलं आणि धड डोंगरावरून खाली लोटलं. आता शिळेकडे बघ, मान तुटलेली, हातपाय सुटे, गालावर घंटा. म्हणजे मंदिर हाच तो डोंगर, आणि वर बळी दिलेल्यांची शरीरं पायऱ्यांवरून याच बाजूला खाली यायची. जागा कळली की महत्त्व वेगळं पाठ करावं लागत नाही.

तसंच यश्चिलान या माया शहरातलं लिंटेल (दारावरची आडवी दगडी पट्टी) २४. शोक नावाची राणी गुडघे टेकून बसलीये, जिभेतून काटेरी दोर ओढतेय, राजा वर मशाल धरून उभा, तारीख इ.स. ७०९ची. हे कोरलंय दाराच्या लिंटेलच्या खालच्या बाजूला, म्हणजे आत शिरताना मान वर केली तरच दिसणार. म्युझियममध्ये ते भिंतीवर डोळ्यांसमोर लावलेलं असतं त्यामुळे हे लक्षातच येत नाही. हे वाक्य उत्तरात लिहून बघ.

पाटीपेन्सिल:
वरचं अगदी पटलं. ॲझ्टेकवाली चूक मात्र टाइमलाइनची आहे, ती आधी पक्की कर. तेओतिवाकानचं वैभव इ.स. ५५०च्या सुमारास संपलं, मोठ्या आगीच्या खुणा तिथे सापडतात, आणि ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली १३२५ला. मधे जवळजवळ आठशे वर्षं. गोंधळ होतो कारण तेओतिवाकान हे नाव ॲझ्टेकांनी दिलेलं, ते ओसाड शहर त्यांना देवांची जागा वाटायचं. एका लांब कागदावर रेघ मार, सुरुवातीला ओल्मेक (सान लोरेंझो, मग ला वेंता), पुढे मॉन्ते आल्बान, तेओतिवाकान, अभिजात माया, टुला (तोल्तेकांचं शहर) आणि चिचेन इत्झा, शेवटी ॲझ्टेक, आणि १५२१ला स्पॅनिश विजयाने शेवट. रोज सकाळी न बघता काढायची, दोन मिनिटं लागतात.

दुसरं म्हणजे इमारती हाताने काढ. चित्रकला येत नसली तरी चालेल, फक्त बाजूने कापलेली आकृती. तालुद-तब्लेरो म्हणजे खाली तिरकी भिंत आणि तिच्यावर उभी चौकट, दहा वेळा काढलीस की कुठल्याही फोटोत दिसेल. मायांची कॉर्बेल कमान पण काढ, दोन्ही बाजूंचे दगड थोडे थोडे पुढे सरकवत आणायचे आणि वर एक झाकणदगड. अशा कमानीची खोली रुंद होऊच शकत नाही, म्हणून तिकाल या माया शहरातलं ‘मंदिर १’ सत्तेचाळीस मीटर उंच असूनही आत जागा चिंचोळीच.

तुलनेच्या प्रश्नाला तिकालचा स्टेला (उभा कोरीव दगड) ३१ तयार ठेव. मधे राजा पूर्ण माया थाटात, दोन्ही बाजूंना त्याचा बाप तेओतिवाकानच्या सैनिकाच्या वेशात. एकाच दगडावर दोन शैली, दोन शहरं आणि ३७८ मध्ये तेओतिवाकानकडून आलेल्या लोकांचं राजकारण, सगळं आलं.

ओली_शाई:
दोघांचे खूप आभार, लिंटेलचं तर मला माहीतच नव्हतं, मी ते पाटीसारखं भिंतीवरचं समजत होते. अजून दोन शंका. टुला आणि चिचेन इत्झा वेगळं कसं ओळखायचं, दोन्हीकडे चॅकमूल (पोटावर ताट धरून रेललेली मूर्ती), दोन्हीकडे योद्धे. आणि ॲझ्टेकांच्या सूर्यशिळेला कॅलेंडर लिहिलं तर चालतं का?

जुनी_वीट:
टुलाला पिरॅमिड बी वरचे चार योद्धे आठव, साडेचार मीटरच्या वर उंच, चार तुकडे एकावर एक बसवून केलेले, छातीवर फुलपाखराच्या आकाराचा दागिना, हातात भाला फेकायचं अत्लात्ल. ती चारी बाजूंनी कोरलेली सुटी शिल्पं आहेत. चिचेनच्या योद्ध्यांच्या मंदिरात योद्धे चौकोनी खांबांवर उठावात कोरलेत, आणि तिथे सगळंच जास्त मोठं, जास्त नेटकं. टुलाच्या तोल्तेकांनी चिचेन जिंकलं असं जुन्या पुस्तकांत ठाम लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवू नकोस, कुणाकडून कुणाकडे गेलं यावर वाद आहे एवढं लिहिलंस तरी तपासणाऱ्याला कळतं की तू विचार केलायस.

सूर्यशिळेवर वीस दिवसचिन्हांचं कडं आहे म्हणून कॅलेंडर शब्द चिकटला, पण ती दिवस मोजायला नव्हती. मधल्या चेहऱ्याभोवती चार चौकटी आहेत, ती आधीच्या चार जगांची नावं, जग्वार, वारा, अग्निवर्षाव, पाणी. पाचवं म्हणजे ॲझ्टेकांचं स्वतःचं, भूकंपाने संपणारं. चेहरा सूर्यदेव तोनातिऊचा की भूदेवता त्लालतेकुत्लीचा यावर मतं वेगळी आहेत, दोन्ही लिही.

रात्रपाळी:
न दाखवलेल्या फोटोंसाठी एक. नाव आठवायचा प्रयत्नच करू नका, आधी दिसतंय ते लिहायला लागा. खाली वळलेले ओठ आणि डोक्यात खाच दिसली की ओल्मेककडे. रेघा-टिंबांचे आकडे आणि चौकोनी अक्षरांच्या रांगा असतील तर बहुतेक माया. गोल चष्म्यासारखे डोळे दिसले तर थांबा, ते तेओतिवाकानलाही आहेत आणि ॲझ्टेकांच्या त्लालोकलाही, तिथे दगड आणि जागा बघूनच ठरवा. कारण लिहून चुकीचं शहर लिहिलंत तरी थोडे मार्क मिळतात, माझ्या वेळी मिळाले होते.

ओली_शाई:
आज कार्डांवर ती ओळ लिहायला घेतली, अठरा झाली. कोपान या माया शहरातल्या अल्तार क्यूला (चौकोनी कोरीव दगडाला) अडकले होते, मग लक्षात आलं की चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे आहेत, म्हणजे बघणाऱ्याला दगडाभोवती फिरावंच लागणार, आणि फिरत पुढच्या बाजूला आलं की पहिला राजा सोळाव्याच्या हातात दंड देताना दिसतो. बरोबर आहे ना?

जुनी_वीट:
एकदम बरोबर. पहिल्याचं नाव याश कुक मो, सोळावा याश पासाज, तारीख ७७६, एवढं त्याच कार्डावर टाक आणि पुढचं घे.