मदत हवी आहे: बाकारात बँकरला तिसरं पान नेमकं कधी? सोमवारच्या आत हवं

वाळपई_२२ (शुक्रवार, रात्री ९:४०)
बाकाराचे, म्हणजे कॅसिनोतल्या त्या प्लेअर-बँकर पत्त्यांच्या खेळाचे, नियम पाठ केलेत. व्हिडिओ बघून झाले, तक्ता खाटेजवळ भिंतीला चिकटवलाय. तरी बँकरच्या तिसऱ्या पानाला हटकून चुकतो. काल बँकरचे पाच होते, मी पान काढलं, तर मनगट धरून थांबवलं. तक्त्यात पाचासमोर "चार ते सात" असं स्पष्ट लिहिलंय आणि समोर चारच होते! मग चुकलं कुठे? विचारायला गेलो तर म्हणाले, घरी जाऊन बघ. सोमवारी सकाळी ९ ला आहे. कुणीतरी सोप्या भाषेत सांगा. आणि बँकर जिंकल्यावर कापायचे ५ टक्के तोंडी पटकन कसे काढायचे तेही.

बेतोडा_बायपास (९:५८)
भावा, तिसऱ्या पानाच्या भानगडीत पडूच नकोस. ते डीलर बघतो, आपल्याला काही ठरवायचं नसतं. आपण फक्त पैसे कुठे लावायचे ते बघायचं. बँकर जास्त वेळा येतो, म्हणून कायम बँकर. हरलास की दुप्पट, परत हरलास की परत दुप्पट. एकदा आला की सगळं वसूल, वर पहिल्या डावाएवढा नफा. मी ५०० ने सुरू करतो. तीन वेळा जिंकून उठलोय.

गणिताचा_तास (१०:११)
बेतोडा, अर्धं बरोबर आहे. आठ कॅट पिसलेल्या खेळात टाय सोडून दिले तर बँकर १०० पैकी ५०.७ वेळा जिंकतो. पण त्या जिंकण्यातून ५ टक्के कापले जातात. ते धरून कॅसिनोचा वाटा बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४ टक्के. म्हणजे बँकर कमी वाईट आहे, चांगला नाही.

आता दुप्पट. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० असे पाच डाव हरलास, गेले १५,५००. सहाव्याला १६,००० लावलेस आणि जिंकलास. हातात किती येणार? ५ टक्के कापून १५,२००. जिंकूनही ३०० ने मागे! "सगळं वसूल" हे सहाव्या डावालाच संपतं. आठ डाव सलग हरलास तर १,२७,५०० गेले, आणि बँकर सलग आठ वेळा हरणं साधारण २८६ प्रयत्नांत एकदा घडतं. एका शूमध्ये (पानं वाटायची पेटी) ७०-८० डाव होतात. चार-पाच संध्याकाळी बसणाऱ्याला हे कधी ना कधी गाठतंच. त्यात टेबलाला वरची मर्यादा असते, नवव्या डावाची रक्कम ते घेतीलच असं नाही.

बेतोडा_बायपास (१०:१९)
मास्तर, कागदावर सगळं होतं. मी स्क्रीन बघून लावतो. लाल-निळी माळ असते ना, लाल बँकर, निळा प्लेअर. लाल पाच ओळीने आले की लालावर बसायचं, माळ तुटली की उठायचं. उगाच प्रत्येक डावाला लावत नाही मी.

गणिताचा_तास (१०:२६)
शूमधल्या पानांना माळ दिसत नाही. पाच लाल येऊन गेल्यावरही सहाव्याची शक्यता जवळपास तीच. गेलेली पानं मोजूनही या खेळात फरक इतका बारीक पडतो की त्यावर पोट भरत नाही. कॅसिनो ती माळ स्वतःहून मोठ्या पडद्यावर दाखवतो, त्याने नुकसान होत असतं तर दाखवली असती का? आणि टायवर तर हात लावू नका कुणी. आठपट देतात म्हणून लोक लावतात, कॅसिनोचा वाटा तिथे १४ टक्क्यांच्या वर आहे.

आबोली_माळ (१०:४१)
वाळपई, तू सत्तरी तालुक्यातला दिसतोस. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या माणसाला कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, माहीत आहे ना? बाहेरचं ओळखपत्र दाखवून जाणारे आहेत, त्यातला होऊ नकोस बाबा. माझा मावसभाऊ तसाच जायचा. आधी पगार, मग पतपेढीतली ठेव, मग वहिनीच्या पाटल्या. पाटल्या गेल्या ते आम्हाला चतुर्थीला कळलं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं) बांधताना तिचे हात मोकळे दिसले तेव्हा. हे मी पाठ करून सांगत नाही, बघितलंय. सोमवारी जाऊ नकोस.

कुळागर (१०:५२)
आबोलीताईंशी शंभर टक्के सहमत. मुळात १९७६ चा कायदा जुगार बंद करायला होता. १९९२ ला पंचतारांकित हॉटेलात मशीनना दार उघडलं, १९९६ ला जहाजांवर टेबलं आली. आणि आज मांडवीकडे बघा. पणजीच्या बांदावर संध्याकाळी उभं राहिलं की नदी दिसायच्या आधी दिवे दिसतात. या बोटी पात्रातून हलवणार असं आम्ही किती वर्षं ऐकतोय?

बांदा_ते_पणजी (११:०३)
माझे पुण्याचे भाचे पुढच्या आठवड्यात येताहेत. धाकटा २० चा आहे, त्याला आत सोडतील का? आणि हल्ली कर वाढलाय म्हणतात ते खरं का?

गणिताचा_तास (११:०७)
२१ पूर्ण लागतात, नाही सोडणार. कर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. पण हा धागा त्याचा नाही.

वाळपई_२२ (११:१५)
अहो, मी खेळायला जातच नाहीये!! डीलरचं ट्रेनिंग चाललंय माझं. नोकरीला गोव्याच्या माणसाला बंदी नाही. सोमवारी टेबल टेस्ट आहे. पास झालो तर घेतील, नाहीतर पुढची बॅच कधी माहीत नाही. घरी आईला सांगून बसलोय. आबोलीताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मला बँकरला पान कधी द्यायचं तेवढं सांगा कुणीतरी.

आबोली_माळ (११:२०)
अरे, हे पहिल्याच ओळीत लिहायचंस ना! मला वाटलं... असो. नोकरीच कर, आणि टेबलाच्या त्याच बाजूला राहा.

जुना_पिट (११:३४)
मी नऊ वर्षं टेबलावर होतो, चार वर्षं सुपरवायझर. वाळपई, आधी एक सांग. काल नेमकी कुठली पानं होती? "चार होते" म्हणजे कुठे चार? प्लेअरची तिन्ही आणि बँकरची दोन्ही पानं लिही, क्रमाने.

वाळपई_२२ (११:३९)
प्लेअर: चौकट चव्वा आणि एक्का, म्हणजे ५. पान दिलं, नव्वी आली. १४, शेवटचाच आकडा धरायचा, म्हणजे ४. बँकर: पंजी आणि राजा (चित्राचं पान शून्य), म्हणजे ५. प्लेअरचे ४, बँकरचे ५, तक्त्यात पाचासमोर चार ते सात. म्हणून दिलं.

बेतोडा_बायपास (११:४२)
मग बरोबरच दिलंस की.

जुना_पिट (११:५८)
नाही, चुकला. आणि दहातले आठ शिकाऊ इथेच चुकतात, कारण तक्त्यावर हे कुणी धड लिहीत नाही. "चार ते सात" हे प्लेअरच्या बेरजेचे आकडे नव्हेत. ते प्लेअरला आलेल्या तिसऱ्या पानाचे आकडे आहेत. तिसरं पान कुठलं होतं? नव्वी. नऊ हे चार ते सातमध्ये बसतात का? नाही. म्हणजे बँकर पाचावर थांबला, ५ विरुद्ध ४, बँकर जिंकला. तुझ्या डोळ्याने बेरीज धरली, कारण आपण लहानपणापासून सगळे खेळ बेरजेने खेळतो. इथे प्लेअरला तिसरं पान गेलं की त्याची बेरीज डाव संपेपर्यंत विसरायची. नजर त्या आडव्या ठेवलेल्या तिसऱ्या पानावर.

आता क्रमाने. दोन-दोन पानं झाली की पहिला प्रश्न: कुणाचे आठ किंवा नऊ आहेत का? असतील तर डाव तिथेच संपला. हे नेहमी पहिलं.

नसतील तर प्लेअर. पाच किंवा कमी असले की पान, सहा-सात असले की थांब.

मग बँकर. प्लेअरने पान घेतलंच नसेल तर बँकरलाही तोच सोपा नियम, पाचापर्यंत पान, सहा-सात थांब. प्लेअरने घेतलं असेल तरच तुझा तक्ता लागतो. शून्य, एक, दोनवर डोळे मिटून पान. सातावर कधीच नाही. उरले मधले चार, ते आम्ही असे घोकायचो:

तिनाला आठ नको.
चाराला दोन, पाचाला चार, सहाला सहा, वर कायम सात.

म्हणजे बँकरचे तीन असतील तर प्लेअरचं तिसरं पान अठ्ठी सोडून काहीही चालतं. चार असतील तर दुर्रीपासून सत्तीपर्यंत. पाचाला चव्व्यापासून सत्तीपर्यंत. सहाला फक्त छक्की आणि सत्ती. खालचा आकडा दोनदोनने चढतो, वरचा हलत नाही. पानं हातात घेऊन मोठ्याने म्हण, मनात नको.

कुळागर (शनिवार, सकाळी ६:५०)
जुना पिट, तुम्ही मन लावून शिकवताय हे दिसतंय. तरी मला प्रश्न पडतोच. सत्तरीत एवढी बागायत आहे, पोरांनी हेच का करावं?

जुना_पिट (७:१२)
कुळागरबाब, माझ्या बापाची पण बागायत होती, दोन भावांत वाटली. माझ्या पगारावर दोन मुली शिकल्या. बोटी हलवा म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही, मी स्वतः अनेकांना टेबलावरून उठा म्हणून डोळ्यांनी सांगितलंय. पण या पोराची परीक्षा सोमवारी आहे.

वाळपई_२२ (७:३०)
दादा, रात्री वाचलं आणि उठूनच बसलो. बेरीज धरत होतो हो! तीन आठवडे कुणी हे एक वाक्य बोललं नाही. आता ५ टक्के?

गणिताचा_तास (७:४१)
शेवटचं शून्य काढ आणि निम्मं कर. ३,५०० चे ३५०, निम्मे १७५, द्यायचे ३,३२५. १,३०० चे १३०, निम्मे ६५, द्यायचे १,२३५. ७,२०० चे ३६०, द्यायचे ६,८४०. शंभराला पाच हे धरून मोजू नकोस, मधे अडकशील.

जुना_पिट (७:५५)
बरोबर. आणि तुमच्याकडे बिनकमिशनचं टेबल आहे का ते विचारून घे. तिथे बँकर सहावर जिंकला तर निम्मे द्यायचे, बाकी पूर्ण. टेस्टमध्ये मुद्दाम सहावर जिंकवतात. अजून एक: टाय झाला की बँकर-प्लेअरवरच्या चिप्सना हात लावायचा नाही, ते पैसे तसेच राहतात. नवीन पोरं घाईत ओढून घेतात आणि गिऱ्हाईक तिथेच उसळतं. आणि लक्षात ठेव, बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. दोन बाजूंची ती फक्त नावं आहेत, गिऱ्हाईक कुठेही लावू शकतं.

आता ही पाच सोडव, तक्ता न बघता. बँकरला पान की थांब?
प्लेअर दुर्री-राणी, तिसरं अठ्ठी. बँकर एक्का-दुर्री.
प्लेअर छक्की-एक्का. बँकर पंजी-राजा.
प्लेअर तिर्री-दुर्री, तिसरं छक्की. बँकर नव्वी-सत्ती.
प्लेअर चव्वा-चव्वा. बँकर दुर्री-गुलाम.
प्लेअर राजा-गुलाम, तिसरं एक्का. बँकर अठ्ठी-छक्की.

बेतोडा_बायपास (८:१०)
एखाद्या अॅपवर थोडे पैसे लावून सराव कर ना, हात बसेल.

गणिताचा_तास (८:१३)
पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलीय. आणि डीलरचा हात अॅपवर बसत नाही, पत्त्यांवर बसतो. तीस रुपयांचा कॅट आण, आठ आणलेस तर उत्तम.

वाळपई_२२ (८:३२)
पहिलं: थांब, तिनाला आठ नको.
दुसरं: प्लेअर सातावर थांबला, बँकर पाच, पान.
तिसरं: बँकर सहा, तिसरं पान छक्की, पान. पण दादा, इथे प्लेअरचा एक आहे आणि बँकरचे सहा, बँकर जिंकतोय. तरी घ्यायचं?
चौथं: बँकर दोन, डोळे मिटून पान.
पाचवं: बँकर चार, एक्का दोनच्या खाली, थांब.

जुना_पिट (८:४६)
चार बरोबर. तिसऱ्यात जिंकत असला तरी घ्यायचंच, नियम प्लेअरची बेरीज बघत नाही, म्हणूनच हे तुला त्यात दिलं. चौथं चुकलं. चव्वा-चव्वा म्हणजे आठ, डाव आधीच संपलाय. पहिला प्रश्न विचारलाच नाहीस, थेट बँकरकडे धावलास.

वाळपई_२२ (८:५१)
हो. दिसलं. आठ-नऊ आधी.

वाळपई_२२ (रविवार, रात्री १०:०५)
धाकट्या बहिणीला समोर बसवून दोनशे डाव वाटले. पहिल्या शंभरात सात चुका, दुसऱ्या शंभरात एक, तीही पैसे देताना. आता ती पण "चाराला दोन, पाचाला चार" म्हणत घरभर फिरतेय आणि आई वैतागलीय. दादा, मास्तर, देव बरें करूं. उद्या दुपारी कळवतो.

आबोली_माळ (१०:२०)
शांतपणे जा. नऊची परीक्षा आहे तर वाळपईहून पहिली बस धर, दुसरीला उसगावला अडकायला होतं.