सहलीवरून मुले परत येतात, पण शिकणे घरी येत नाही

प्रश्न (दोघांची आई, पुणे):
नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा असून दोघेही दोन वर्षांपासून घरीच शिकतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा दिवसांत दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, पैठण आणि लोणार असा दौरा केला आणि प्रत्येक ठिकाणासाठी मी आधी रात्री जागून प्रश्नांच्या वह्या तयार केल्या होत्या. कैलास लेण्याच्या पानावर मुलाने लिहिले, 'लेणे खूप मोठे आहे. माकडाने आमचा चिवडा नेला.' मुलीने माहितीफलक जसाच्या तसा उतरवला. यात माझे काय चुकते? शिवाय सासूबाई रोज विचारतात की दहावीचे काय, त्याचेही उत्तर हवे आहे.

घाटवाट:
ताई, सहा दिवसांत पाच ठिकाणे पाहिली तर मोठ्यांच्याही लक्षात चिवडाच राहील. आम्ही वर्षभरात नाणेघाटाला तीनदा गेलो. पहिल्या खेपेला मुलांनी घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात डोकावून हाका मारण्यापलीकडे काहीही केले नाही आणि आम्हीही करू दिले नाही. दुसऱ्या खेपेला गुहेतील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखाकडे वळलो. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी यांचे आकडे आहेत, पण शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. मुलीने घरी त्या पद्धतीने किराण्याचा हिशेब मांडायला घेतला, गुणाकाराशी अडली आणि चिडून म्हणाली, 'यांना शून्य कोणी का दिले नाही?' स्थानमूल्याचा धडा मी तोपर्यंत दोनदा शिकवून झाला होता. वहीतले प्रश्न तुमचे असतात, अडचण मात्र मुलांची स्वतःची असावी लागते.

खारे पाणी:
घाटवाट यांच्याशी सहमत आहे, मात्र प्रत्येक जागा तीनदा पाहणे सर्वांच्या खिशाला परवडत नाही. लोणारला तर आम्हाला नागपूरहून जावे लागते. त्यामुळे आम्ही एका ठिकाणी एकच गोष्ट करून पाहतो. तेथे अभयारण्य असल्याने वनरक्षकांना विचारून, पाणी न उचलता, काठावरच तांबडा लिटमस कागद बुडवला. तो निळा झाला, म्हणजे पाणी अल्कधर्मी निघाले. नंतर गोमुखाच्या गोड्या धारेत दुसरा कागद धरला, तो होता तसाच राहिला. एकाच विवराच्या आत दोन तऱ्हेचे पाणी कसे, यावर परतीच्या एसटीत मुलांचे भांडण जुंपले. बाहेर पडायला वाट नसलेल्या सरोवरात पाणी आटत जाते आणि क्षार मागे उरतात, हे उत्तर आठ दिवसांनी गच्चीवर मिठाच्या पाण्याची परात वाळल्यावर सापडले. मग २०२०च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते त्याची चर्चा निघाली आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपर्यंत गाडी गेली.

तिसरी घंटा:
दहावीविषयी लिहितो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते. त्यासाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे आपल्या मुलीला अजून दोन वर्षे आहेत. मात्र केवळ भटकंतीवर ती परीक्षा सुटत नाही, हे मी थोरल्याच्या वेळी ठेच लागून शिकलो. लेणी, घाट, सरोवरे यांत तो रमला आणि बीजगणित मागे पडले. शेवटचे वर्ष रोज दोन तास गणिताला द्यावे लागले. सहलीने शिकण्याची गोडी लागते, सराव लागत नाही. सासूबाईंची शंका अगदीच अस्थानी नाही.

दोघांची आई:
सर्वांचे आभार. नव्या वह्या छापायला दिल्या होत्या, त्या थांबवल्या आहेत. उद्यापासून नाश्त्यानंतर तासभर गणित. आज मुलाला विचारले की परत कोठे जाऊ या. तो म्हणाला, 'वेरूळला, पण तिथे वरून खाली खोदत आले तर मधला दगड कुठे टाकला ते बघायचे आहे.' या वेळी फक्त तेवढेच शोधणार आहोत, आणि चिवडा गाडीतच ठेवणार आहोत.