मदत हवी आहे: वाकलं की पोटाच्या स्नायूत गोळा येतो

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. वय ४८, मकरपुऱ्याला ऑफिस, दिवसभर खुर्चीत. उन्हाळा लागल्यापासून एक विचित्र त्रास चाललाय. बुटाची लेस बांधायला किंवा पायाची नखं कापायला वाकलो की बरगड्यांच्या खाली, कधी डावीकडे कधी उजवीकडे, स्नायू असा काही आवळतो की लिंबाएवढा कडक गोळा हाताला लागतो आणि श्वास घ्यायची चोरी. ताठ उभं राहून हात वर ताणले, जरा मागे झुकलं की सुटतो, पण मग ती जागा दिवसभर ठणकते.

मुरडा नाही, जुलाब नाहीत, जेवणाशी काही संबंध नाही. तरी घरात सगळ्यांनी गॅस ठरवून टाकलाय, सासूबाईंचा ओवा-हिंग चालू आहे आणि शेजारच्या बेन रोज नवीन चूर्ण सुचवतात.

बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन आणि त्यातच हायड्रोक्लोरोथायाझाइड. शुगर नाही. संध्याकाळी कमाटीबागेत चालतो, आणि मुलाच्या आग्रहाने हल्ली क्रंचेस मारतोय. इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर, स्कूटरवरून घरी येईतो शर्ट पिळून घ्यावा असा, आणि एसीत बसलं की पाण्याची आठवणच होत नाही.

हे स्नायूचंच आहे की आतलं काही? आणि दाखवायचं कोणाला, फिजिशियन की ऑर्थो? मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन बघू का?

प्रतिसाद:
दादा, घरी एक करून बघा. उताणं झोपा, दुखरी जागा बोटाने दाबून ठेवा आणि डोकं-खांदे थोडे उचला. दुखणं वाढलं तर बहुतेक पोटाच्या भिंतीचं म्हणजे स्नायूचं, कमी झालं तर आतलं असायची शक्यता जास्त. डॉक्टर पण हेच करतात, कार्नेट टेस्ट म्हणतात. डोकं उचलताना कुठे फुगवटा दिसला तर हर्निया असू शकतो, मग सर्जनकडे. वाकताना स्नायू आधीच आखूड झालेला असतो, त्यात क्रंचेसने थकलेला, म्हणून आवळतो. क्रंचेस सध्या बंद, गरम पाण्याची पिशवी आणि हळूहळू भुजंगासन. लेस खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून बांधा.

प्रतिसाद:
मला तुमच्या गोळीचीच शंका येतेय. हायड्रोक्लोरोथायाझाइडने लघवीवाटे सोडियम, पोटॅशियम जातं, वर हा घाम. पण म्हणून नारळपाणी आणि केळ्यांचा मारा करू नका, कारण टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम वाढवतं, किडनी थोडी जरी कमजोर असली तर ते धोक्याचं. आधी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि ज्यांनी गोळी दिली त्या फिजिशियनलाच दाखवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद नका करू हं. मॅग्नेशियमचं म्हणाल तर वयस्कर लोकांच्या वांबांवर जे प्रयोग झाले त्यात फारसा फायदा दिसलेला नाही, तेव्हा ते पैसे रिपोर्टला घाला.

प्रतिसाद:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक. ताप, उलट्या, पोट लाकडासारखं कडक, काळी शी, किंवा दुखणं छातीत-हातात जाऊन घाम फुटणं, यातलं काहीही झालं तर इथे विचारत बसू नका काका, सरळ इमर्जन्सीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. डोकं उचललं तर जाम दुखलं, फुगवटा नाही दिसला, त्यामुळे ओवा आजपासून बंद. उद्या रक्त देतो. तोपर्यंत ओआरएस घेऊ का, की बीपीवाल्याने तेही टाळायचं?

प्रतिसाद:
डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, तुमच्या केसमध्ये रिपोर्ट येईपर्यंत साधं पाणीच बरं, पण तेही एकदम तांब्याच्या तांब्या नको, दिवसभर थोडं थोडं.