मदत हवी आहे: शास्त्रीय रेडिओवरचे कर्कश प्रोमो आपोआप कसे गाळायचे?

नमस्कार मंडळी,
विलंबित ख्याल संपून तानपुरा विरतो न विरतो तोच प्रोमो कानावर आदळतो. त्याची शिखर पातळी गाण्याइतकीच असते, सरासरी मात्र बरीच चढी. म्हणून लिमिटर (ठराविक शिखराच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावून उपयोग होत नाही.

व्हीएलसी प्लेअरच्या कंप्रेसरमध्ये (मोठा आवाज दाबणारी सोय) थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) उणे २० डीबी, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, मेकअप गेन (नंतर सरसकट वाढवायचा आवाज) शून्य ठेवला की प्रोमो दबतो. पण द्रुत तानांचा जोरही जातो, आणि तो घालवून ऐकण्यात काय अर्थ? रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) कमी ठेवला तर आवाज हेलकावे खातो.

ध्वनिमुद्रणासाठी एफएफएमपेग या प्रोग्रामचा शांतता शोधणारा फिल्टर, सायलेन्सडिटेक्ट (उणे ५० डीबी, १ सेकंद), बरा. तानपुरा अखंड वाजत असल्याने रागाच्या मधे शांतता सापडत नाही, सापडते ती शेवटी. प्रोमो थेट तानपुऱ्यावर चढवला असेल तर मात्र खूणच मिळत नाही.

ईबीयू आर १२८ या युरोपीय प्रसारण मानकाप्रमाणे ३ सेकंदांचा लाउडनेस (कानाला जाणवणारी पातळी) मोजून कोणी कापणी केली आहे का? किती एलयूची (लाउडनेसचं एकक) उडी धरायची? सतार-सरोदचा ‘झाला’ (शेवटचा द्रुत भाग) आणि तबल्याची उठान (सुरुवातीचा जोरदार तुकडा) त्यात चुकून कापली जाऊ नये, ही खरी काळजी आहे. दादर-पार्ल्याकडे कोणी प्रत्यक्ष दाखवू शकलं तर फारच उत्तम.