तो साप बहुतेक दिवड असणार

वर एका भाऊंनी लिहिलंय की गळ टाकून बसले होते, पायाजवळ साप आला, नदीतला साप विषारीच म्हणून काठीनं मारला. घाबरणं समजू शकतो पण मारायची गरज नव्हती. आमच्याकडे तापीत, हतनूर धरणाच्या फुगवट्यात चांगदेव गावाच्या बाजूला वरचेवर दिसतो तो दिवड, अंगावर चौकटी अन् डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा, बिनविषारी. चावरा मात्र जाम, धरायला गेलं की मान चपटी करून डसतो, रक्त काढतो. आणि तो तुमच्यासाठी येतच नाही, मासळीच्या मागे येतो. लोक पकडलेले मासे जाळीच्या पिशवीत घालून काठालाच पाण्यात बांधून ठेवतात, मग काय, आयतं ताट! मी झाकणाची बादली नेतो, काठापासून लांब ठेवतो. मरळ वरची हवा घेते म्हणून बादलीतल्या थोड्या पाण्यातपण जिती राहते, रोहूला बर्फच लागतो. फक्त एक, नाग-घोणसपण पोहतात, तेव्हा चौकटी नीट दिसल्या नाहीत तर गळ तिथंच सोडून मागे सरकायचं. अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दिवडीलापण संरक्षण आहे, मारला तर केस होऊ शकते.